गुरुवारी चार ते पावणेपाच

शेवंतीनं डबा टेबलावर ठेवला, तसा वसुधाबाईंनी तो दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि तिच्या पिशवीशेजारी परत ठेवून दिला.

"घावणे आहेत," शेवंती म्हणाली. "आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. पहाटे उठून केलंय. विष नाय घातलं त्यात."

"तुम्ही मनापासून केलंत, ते कळलं मला. पण मी इथं कुणाकडूनच खायचं घेत नाही. मागंही सांगितलं होतं."

"मागं शिरवाळे होते. म्हटलं, तुम्हाला गोड सोसत नसेल. म्हणून तिखट केलं."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हेच शेवंतीला सोसत नसे. माणूस हसलं तर त्याला आपलंसं करता येतं. रागावलं तर त्याच्याशी भांडता येतं आणि भांडण मिटलं की पुन्हा ते आपलंच. ही बाई म्हणजे उभी गुळगुळीत भिंत, कुठं हात धरायला जागा नाही.

"या आठवड्यात जेवण कसं गेलं?" बाईंनी विचारलं.

"जेवण कुठलं? पेज. तीही सुनेनं गाळून दिलेली. साठीच्या बाईला गाळून पेज! दात पडले असते तरी एवढी लाज वाटली नसती."

घास तोंडात जाई, चावून होई, पण गळ्याशी आला की तिथंच अडून बसे. आत कुणीतरी कडी घातल्यासारखं. जानेवारीपासून हे चालू होतं. मोठ्या इस्पितळात घशात नळी घालून पाहिलं, फोटो काढले. डॉक्टर म्हणाला, गळ्यात काहीही नाही, आणि मुलुंडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. तिथं वरच्या मजल्यावर मनाच्या बाई बसतात म्हणाला.

"म्हणजे मी वेडी," शेवंतीनं बाहेर येऊन सुनेला, धाकट्या मुलाच्या बायकोला, नलिनीला, ऐकवलं. "लिही तुझ्या आईला. म्हणावं, सासू वेडी झाली, आता सुखाचे दिवस आले."

"आई, असं काय बोलता? दाखवून तर बघू."

"दाखव. गाय दाखवतात तशी दाखव."

तरी ती गेली. घाटकोपरच्या भटवाडीतून खाली उतरायचं, आग्रा रोडला बस धरायची आणि मुलुंडला उतरायचं. वाडीतलं कुणी तिकडं फिरकत नाही, हे एक बरं होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी कायदा सांगून टाकला. गुरुवारी चार वाजता. पावणेपाचला थांबायचं. तुम्ही बोलाल ते या खोलीतून बाहेर जाणार नाही. मी येणार नसेन तेव्हा तुम्हाला आधी कळवीन.

"आणि मला पावणेपाचला बोलायचं सुचलं तर?" शेवंतीनं विचारलं होतं.

"तर पुढच्या गुरुवारी."

सरकारी कचेरीत बसायची ही, शेवंतीच्या मनात आलं.

आता यात शेवंतीची सवय काय होती ते सांगायला हवं. आजवर तिनं ज्याला ज्याला खाऊ घातलं, तो तिच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. चाळीचा मीटर बघायला येणारा वायरमन तिच्याकडची सोलकढी प्यायला आणि तेव्हापासून शेवंतीमावशी म्हणेल तेव्हा शिडी घेऊन हजर. रेशनच्या दुकानातला माणूस, धाकट्या दशरथच्या शाळेतले मास्तर, नाक्यावरचा हवालदार, सगळे तिच्या ओट्याशी बसून बोटं चाटून गेलेले. तिच्या हातचं एकदा पोटात गेलं की माणूस मिंधा होई, आणि मिंधं माणूस नावं ठेवत नाही. शाळा तिनं दोनच इयत्ता पाहिली होती, पण हे गणित तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

बाईंच्या बाबतीत हे गणित बसणं तर फारच गरजेचं होतं. कारण शेवंतीजवळ एक गोष्ट होती. ती सांगायची म्हणजे ऐकणारं माणूस आधी बांधून घ्यायला हवं होतं.

गोष्ट थोरल्या मुलाची, लवूची. गिरणीत बदली कामगार होता. संप झाला तो काही संपेना. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. एका दुपारी लवू घरातून निघाला तो परतला नाही. तिसऱ्या दिवशी आरे कॉलनीतल्या झाडीत फांदीला लटकलेला सापडला. सव्वीस वर्षांचा होता. वाडीनं म्हटलं, संपानं खाल्ला पोराला. शेवंती काही बोलली नाही. तिनं ते बोलणं वाऱ्यावर जाऊ दिलं, आणि ते वाडीभर रुजलं.

संपाला चार वर्षं झाली तेव्हा, शहाऐंशीच्या जानेवारीत, वाडीच्या मंडळानं सभा घेतली. मंडळाचे अध्यक्ष मार्तंडभाऊ माइकवरून ओरडले, "आपल्या वाडीनं एक मोहरा दिला! लवू काशीराम! आणि ही त्याची माउली!" शेवंतीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. बायका डोळ्याला पदर लावून बघत होत्या. तिचा नवरा काशीराम खुर्चीत मान खाली घालून बसला होता, तो जसा नेहमीच बसतो. सभा झाल्यावर मंडळानं सगळ्यांना बटाटेवडा दिला. शेवंतीनं एक घास घेतला. तो गेलाच नाही.

हे सगळं तिनं बाईंना सांगितलं होतं. शालीचं सांगितलं, वड्याचंसुद्धा. फक्त त्या दुपारचं सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी, डबा परत आला त्या दिवशी, बाईंनी विचारलं, "लवू घरातून निघाला तेव्हा घरी कोण होतं?"

शेवंतीनं डबा पिशवीत सारला. "मीच होते. बाकी सगळी बाहेर. नलिनी नळावर."

"मग?"

शेवंतीनं तोंड उघडलं. गळ्यातली कडी हलल्यासारखी वाटली. ती बाईंच्या कपाळावरच्या बारीक कुंकवाकडे बघत राहिली. ही कोण आपली? हिला सांगितलं आणि उद्या हिनं तोंड वाकडं केलं तर? ना हिनं आपल्या घरचं पाणी प्यायलं, ना मीठ खाल्लं.

"मग काय," ती म्हणाली, "गेला."

पावणेपाच झाले. "आज इथं थांबू," बाई म्हणाल्या.

दवाखान्यात पायऱ्यांजवळ स्टुलावर आया बसे, रुक्मिणी. ती वेंगुर्ल्याकडची, म्हणून शेवंतीशी तिचं जमलेलं. घावण्यांचा डबा तिच्याच पोटात गेला. बोटं पुसता पुसता रुक्मिणीनं विचारलं, "काय गो, आज तोंड उतारला तुझा?"

"ही बाय रवता खय?" शेवंतीनं विचारलं.

"कशाक?"

"नवरात्र आसा. ओटी भरूची."

घावण्यांनी आपलं काम केलं. रुक्मिणीनं पत्ता दिला.

रविवारी शेवंतीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. खण घेतला, नारळ घेतला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वेणी. नलिनी म्हणाली, "आई, त्यांना न कळवता कसं जायचं?"

"देवीला कळवून जातेस काय गं? सवाष्णीची ओटी भरायला कसली परवानगी? घरात घेतील, पाटावर बसतील, मग कशा परक्या राहतात ते बघते."

रेल्वेच्या पलीकडे, मुलुंड पूर्वेला, तीन मजली सोसायटी. दार एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं उघडलं. आतून थालीपिठाचा वास आला. "आई, कुणीतरी बाई आल्यात." आणि वसुधाबाई बाहेर आल्या. घरातली चुरगळलेली साडी, हाताला पीठ, केस सुटलेले. शेवंतीला एकदम माया आली. ही पण आपल्यासारखीच की, तव्यापाशी उभी राहणारी.

बाईंनी मुलीला आत जायला सांगितलं. मग त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बाजूला झाल्या नाहीत.

"शेवंतीबाई, इथं नाही."

"काय इथं नाही?"

"आपण फक्त दवाखान्यात भेटतो. गुरुवारी चार वाजता मी तिथं असेन."

"अहो, मी बोलायला नाही आले. ओटी भरायला आले." तिनं पिशवीतून नारळ वर काढला. "बसू नका, उभ्यानं घ्या. पदर पुढं करा म्हणजे झालं."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण आवाज तोच, गुरुवारचा. "नाही घेता येणार मला. तुम्हाला वाईट वाटेल, ते मला माहीत आहे."

"वाईट?" शेवंतीचा आवाज जिन्यातून खाली गेला. "नवरात्रात दारातून ओटी परत! तुम्ही सवाष्ण ना? पोर आहे ना घरात? आमच्या गावात वैरिणीची ओटी परत करत नाहीत!"

समोरचं दार किलकिलं झालं. बाई तशाच उभ्या. "उन्हातून आलात. पाणी देते."

"उंबऱ्याबाहेर? भिकारणीला देतात तसं? ठेवा तुमचं पाणी!"

ती तरातरा जिना उतरली. खालच्या कट्ट्यावर तिनं नारळ ठेवला, मग पुन्हा उचलला. देवीचा नारळ असा टाकून जायचा नाही. घरी येऊन तिनं ती ओटी घरातल्याच देवीपुढं ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"घेतली ओटी?" नलिनीनं विचारलं.

"त्या बाईचं नाव या घरात काढायचं नाही."

पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही. चार वाजता ती मुद्दाम वाटण वाटायला बसे, जोरजोरात. पेजेचं प्रमाण अर्ध्या वाटीवर आलं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊ लागल्या. काशीराम एकदा म्हणाला, "तू अशीच ऱ्हवलंस तर..." आणि पुढचं बोलला नाही. त्याची बोलणी अशीच असत, अर्ध्यावर टाकलेली. लवू गेल्यापासून त्यानं एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं. शेवंतीला वाटे, ह्याला कळलंय. ह्याला कळलंय आणि हा मला वाचवतोय. आणि ते तिला सगळ्यांत जड जाई.

तिसरा गुरुवार गेला. शनिवारी बाजारात, सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी, रुक्मिणी समोर येऊन उभी राहिली. भांडुपहून बहिणीकडे आली होती.

"गो शेवंती! तुझ्यापायी माका बोलणी बसली! पत्तो दिलंय म्हणान. बाय ओरडाक नाय, पण असा बोलली की ओरडली असती तर बरा."

"बरा झाला. माझा आणि तिचा काय संबंध?"

"संबंध नाय?" रुक्मिणीनं बोंबलाची जुडी हातात घेऊन हुंगली. "मग ती वेडी म्हणूची. दर गुरुवारी बरोबर चार वाजता खुर्चीत बसता, पावणेपाचाक उठता. समोरची खुर्ची रिकामी. भायर चार पेशंट ताटकळत. मी म्हटलंय, बाय, एकाक पाठवू आत? तर म्हणता, नको. ही वेळ शेवंतीबाईंची आसा."

"तीनही गुरुवार?"

"तीनही. काय करता आत, देवाक ठावक. वाचत नाय, लिवत नाय. बसान ऱ्हवता."

शेवंतीनं बोंबील घेतले नाहीत. रिकामी पिशवी घेऊन ती टेकडी चढली.

तिच्यासाठी कुणी असं रिकामं बसलं नव्हतं. काशीराम बसे, पण त्याला दुसरं काही सुचत नसे म्हणून. पोरं बसत ती ताट समोर येईपर्यंत. आणि ही बाई, जिला आपण शिव्या घालून आलो, जिनं आपल्या घरचा तांदळाचा दाणा घेतला नाही, ती तीन आठवडे रिकाम्या खुर्चीसमोर बसली होती. तिला बांधून घेणारं काहीच नव्हतं. तरी बसली होती.

चौथ्या गुरुवारी शेवंती गेली. पण सरळ जाईल ती शेवंती कसली? चार वाजता ती खाली रस्त्यावर उभी राहिली. मुद्दाम. वीस मिनिटं काढली आणि मग जिना चढली. बघू म्हटलं, बसते का अजून.

दार उघडलं. बाई खुर्चीत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पंचवीस मिनिटं आहेत आपल्याकडं."

"वीस मिनिटं उशीर केला म्हणून ओरडा तरी."

"उशीर का केलात?"

"तुम्हाला बघायला." शेवंती बसली. "आणि आज पाचपर्यंत बसणार नाही ना तुम्ही?"

"नाही. पावणेपाच."

"मला ठाऊक होतं." तिला हसू आलं, आणि ते गळ्यात येऊन दुखलं. "ओटी का नाही घेतली ते सांगा आधी. खरं सांगा. शिकलेल्या लोकांसारखं गोल गोल नको."

"मी तुमच्या हातचं खाल्लं असतं, ओटी घेतली असती, तर तुमची कुणीतरी झाले असते. बहीण म्हणा, लेक म्हणा. मग तुम्ही मला सांभाळून बोलला असतात. घरच्यांना सांभाळता तसं. तुमच्याजवळ घरची माणसं पुष्कळ आहेत, शेवंतीबाई. त्यांतल्या एकालाही तुम्ही सांगू शकला नाहीत."

"काय सांगायचंय ते तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नाही."

बाहेर रस्त्यावर कुणी जुन्या भांड्यांची हाळी देत गेला. शेवंतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"त्या दुपारी," ती म्हणाली, "लवू जेवायला बसला होता."

बाई हलल्या नाहीत.

"डाळ-भात होता आणि सुक्या जवळ्याची चटणी. दुसऱ्यांदा भात मागितला त्यानं. घरात कमावणारं कोण नव्हतं. आमचा माणूस वॉचमनचं काम शोधत हिंडायचा. दशरथच्या कामाचा ठिकाणा नव्हता. नलिनीनं उपास धरलेला, कसला उपास, भात पुरावा म्हणून. आणि हा बसून दुसऱ्यांदा मागतो. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सव्वीस वर्षांचा घोडा, बसून गिळतोस, लाज नाय वाटत? तो हसला. तो असाच, हसायचा. म्हणाला, आये, मग घास काढून घेतंस काय माझो?"

तिचा हात टेबलावर पुढं आला आणि तसाच राहिला, काहीतरी धरल्यासारखा.

"आणि मी ओढलं. ताट ओढून घेतलं त्याच्यापुढनं. त्याचा हात भरलेला होता. भात होता बोटांना. तो बघत राहिला माझ्याकडं. रागानं नाय हो. ओळख पटत नसल्यासारखा. मग उठला. हात धुतला नाय. तसाच, खरकट्या हातानं, चपला घातल्या. मी ताट मोरीत आपटलं. त्याला हाक नाय मारली. म्हटलं जाऊ दे, भूक लागली की येईल."

खोलीत पंखा फिरत होता.

"सगळ्या वाडीला खाऊ घातलं मी. वायरमनला घातलं, हवालदाराला घातलं. आणि शाल घेतली त्याच्या नावाची. नारळ घेतला. मार्तंड बोलला, माउली. मी बसून ऐकलं." तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते, नुसते पेटलेले. "आता म्हणा. म्हणा, शेवंतीबाई, तुमची चूक नाय. संपानं केलं, नशिबानं केलं. म्हणा की!"

"ते मी म्हणणार नाही."

"मग म्हणा, तू मारलास पोराला!"

"तेही नाही म्हणणार." बाईंचा आवाज खाली आला होता, पण फुटला नव्हता. "तुम्ही ताट ओढलंत. आणि तो गेला. दोन्ही मी ऐकलं."

शेवंतीला वाटलं होतं, हे बोलल्यावर भिंती पडतील. बाई तोंड फिरवील, नाहीतर उठून जवळ घेईल. दोन्हींतलं काहीच झालं नाही. बाई होती तिथंच होती. टेबलाच्या पलीकडं, हातभर अंतरावर. तोंड वाकडं न करता बघत होती. मग शेवंतीला रडू आलं. सभेत येतं तसं नाही. गुरासारखं, पोटातून. तिनं पदर तोंडात कोंबला. बाईंनी हात पुढं केला नाही, उगी उगी म्हणाल्या नाहीत. बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पाच मिनिटं राहिलीत."

"माहीत आहे," शेवंती पदरातून म्हणाली.

पाच मिनिटं ती रडली. पावणेपाच झाले तेव्हाही रडूच येत होतं. "आज इथं थांबू," बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी चार वाजता मी इथं असेन."

शेवंती उठली. बाहेरच्या बाकड्यावर मुलुंडचे एक जाडे शेठ बसले होते. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, हातात टोपी. ते आत गेले, दार लागलं. शेवंती जिन्यापर्यंत गेली आणि परत वळली. ती शेठनी रिकाम्या केलेल्या जागेवर बसली.

"काय गो, बरा वाटत नाय?" स्टुलावरून रुक्मिणी म्हणाली. "चाय आणू?"

"गप ऱ्हव जरा."

शेवंतीनं दाराकडं तोंड केलं आणि कान दिला. जन्मभर चाळीत राहिलेली बाई, पत्र्याआडची कुजबूज ओळखणारी. आत तो माणूस बोलत असणार. कदाचित रडतही असेल. तिनं श्वास धरला. खाली एक बस थांबली आणि गेली. कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते. तिनं पुढं सरकून कान जवळजवळ फळीला लावला.

दारापलीकडून एक अक्षर बाहेर येत नव्हतं.

ती तशीच बसून राहिली, दाराला कान लावून, पुष्कळ वेळ.